कोपऱ्यावरचा शिळा चार

तो चार शिळा आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यात आधी मी ओळखलं. याचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही. देणारही नाहीत, म्हणून मीच सांगून टाकतो.

साथीचे दिवस होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वॉर्ड ऑफिस आहे आणि त्याच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली, एक काळा फळा. त्यावर पांढऱ्या रंगात कायमचं रंगवलेलं, "आज वॉर्डातील रुग्ण", आणि पुढे खडूनं आकडा. रोज सकाळी दहाला आकडा बदलायचा, अशी पद्धत. आमच्या गॅलरीतून हा फळा थेट दिसतो. घर कधी विकायला काढलं तर हे जाहिरातीत घालावं की लपवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. मी एकतीस वर्षं नकाशा-कचेरीत नकाशांवर अक्षरं काढली. नद्यांची नावं वळणावळणानं, डोंगरांची ऐसपैस, आणि उंचीचे आकडे इतके बारीक की आमचे साहेब ते वाचायला भिंग मागायचे. साहजिकच दूध आणायला जाताना बाकीचे लोक फळ्यावर किती लिहिलंय ते बघायचे आणि मी कसं लिहिलंय ते बघायचो. एक दिवस तिथे चार होता. सुरेख चार. फक्त खालच्या गाठीशी खडू मोडला असावा, कारण तिथे एक जाडसर ठिपका पडला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. असेल बुवा. तिसऱ्या दिवशी चार, आणि ठिपका जागच्या जागी. सहाव्या दिवशी मी चष्मा पुसून अगदी जवळ गेलो. तोच ठिपका! रोज नवा चार काढणाऱ्या माणसाचा खडू रोज त्याच जागी मोडतो, हे मला कोणीतरी पटवून द्यावं.

"अहो, चार तर चार," बायको म्हणाली. "वाढत नाहीत ते काय वाईट आहे?"

"वाढत नाहीत असं नाही. तो आकडा कोणी पुसतच नाहीये."

"बरं. दूध कुठे आहे?"

दूध आणायचं राहिलं होतं. आमच्या घरात मूळ मुद्दा नेहमी असाच बाजूला पडतो.

मीही सोडून दिलं असतं, पण घरात आक्का होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, दमा जुना, आणि सरकारी फळ्यावर जे लिहिलं ते खरंच असणार असा तिचा ठाम समज. रोज सव्वादहाला ती गॅलरीत येऊन आकडा वाचायची आणि त्यावर आपला दिवस ठरवायची. दहाच्या वर असला तर घरात. दहाच्या आत असला तर तोंडाला फडकं बांधून दोन गल्ल्या पलीकडे, मैत्रिणींकडे पत्ते खेळायला. चार आल्यापासून तिचा एक दिवस चुकला नव्हता. चौघी जणी, लहानशा खोलीत, खिडकी लावून, कारण खिडकी उघडली की पत्ते उडतात.

"आक्का, तो आकडा शिळा आहे गं. जाऊ नकोस."

"तुला काय माहीत? तू मोजायला गेला होतास?"

"अगं, तिथे ठिपका आहे..."

"बाळ्या, ती माणसं दिवसभर मोजतात. तुझ्यासारखी गॅलरीत बसून ठिपके नाही बघत." आणि चपला घालून गेली.

तर काम एवढंच होतं. आक्का पत्त्यांच्या नादात आजारी पडायच्या आत तो चार पुसून खरा आकडा लिहून घ्यायचा. जास्तीत जास्त एका सकाळचं काम, असं मी धरून चाललो होतो.

आधी गल्लीच्या ग्रुपवर ठिपक्याचे चार दिवसांचे चार फोटो टाकले. पहिलं उत्तर आलं, "सुप्रभात". दुसरं, "छान फोटो काका, कोणता मोबाइल?" शिकवणीवाल्या बाईंनी लिहिलं की वॉर्डाची लोकसंख्या दिल्याशिवाय चार या आकड्याला काही अर्थच नाही. तळमजल्यावरचे वकीलसाहेब, जे कोर्टातून निवृत्त झालेत पण जिन्यात रोज उभे राहून बाजू मांडतात, त्यांनी मला खाली बोलावून सांगितलं, "तोंडी काही बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा." कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मात्र मनातलं सांगितलं. "काका, चार आहे तोवर गिऱ्हाईक येतंय. तुम्हाला चारनं काय त्रास दिलाय?"

मी लेखी अर्ज केला. माझ्या ठेवणीतल्या शाईच्या पेनानं, ठेवणीतल्या अक्षरात. वॉर्ड ऑफिसचं दार बंद, बाहेर दोरी, आणि वरच्या मजल्यावरून एक बादली सोडलेली. अर्ज बादलीत टाकायचा. तो वर गेला की बाबू त्यावर औषध फवारणार आणि एक दिवस चिमट्यानं दोरीला लटकवणार. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बाबूनं खिडकीतून डोकं काढलं.

"काका, अर्ज कोरा आहे तुमचा."

"कोरा कसा असेल? दोन पानं लिहिलीत!"

त्यानं कागद दाखवला. माझी दोन पानं शाई धुऊन जाऊन निळी झाली होती, आणि निळ्यात एक अक्षर शिल्लक नव्हतं. दुसरा अर्ज मी पेन्सिलीनं लिहिला. पेन्सिल औषधाला दाद देत नाही, हे मी घरी बशीत भिजवून पाहिलं होतं. तो दोन दिवसांनी परत आला. पेन्सिलीचा अर्ज कच्चा समजतात. मग मी तिसरा अर्ज शाईनं लिहून त्याला प्लास्टिक चढवून घेतलं. आता काय करतील? बाबूनं शिक्का मारला, शिक्का घसरला. पुन्हा मारला, पुन्हा घसरला. बाबू खरोखर कष्टाळू माणूस. तिसऱ्या वेळी त्यानं अंगातला सगळा जोर लावला आणि माझ्या अर्जाची पोच, तारखेसकट, त्याच्या डाव्या मनगटावर उमटली.

वकीलसाहेबांनी पोच जपून ठेवायला सांगितलं होतं.

तिथे माझा तोल सुटला. एकतीस वर्षांत मी कचेरीत आवाज चढवला नव्हता, पण तोंडाला फडकं आणि मधे एक मजला असला की सभ्य माणसालाही ओरडावंच लागतं. "सोळा दिवस झाले!" मी ओरडलो. "सोळा दिवस तुमचा चार कोणी पुसलेला नाही! माझी म्हातारी बहीण त्या चारवर भरवसा ठेवून रोज गावभर फिरतेय!"

शेजारची खिडकी उघडली आणि वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेर पाहिलं. पस्तिशीच्या असतील, पण त्या दिवसांत सगळेच दहा वर्षांनी मोठे दिसत होते. "वर या," त्या म्हणाल्या. "आरडाओरडा न करता या."

वर त्यांच्या टेबलावर जाडजूड नोंदवही होती. त्यांनी बसायला सांगितलं नाही, कारण खुर्च्यांवर औषधांचे खोके होते.

"फळा लिहिणारे आमचे लेखनिक आजारी आहेत," त्या म्हणाल्या. "सतरा दिवस झाले. तो चार काढला तेव्हाच त्यांना ताप होता. हात थरथरत होता म्हणून खडू मोडला."

मला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा दिवस मी त्या माणसाच्या ठिपक्याला नावं ठेवत होतो.

"मग दुसऱ्या कोणी लिहायचं."

"दुसऱ्यानं फळ्याला हात लावायचा नाही, असा जुना आदेश आहे. बदली नेमायची तर लेखनिक आजारी असल्याचं कळवावं लागतं. कळवलं की ऑफिस पंधरा दिवस बंद. बंद झालं की ही औषधं कोण वाटणार? म्हणून मोठे साहेब म्हणाले, राहू दे चार, लोक घाबरत तरी नाहीत."

"आणि खरा आकडा?"

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. एकसष्ट.

मी दोनदा वाचलं. "यात तुमचे लेखनिक धरलेत?"

त्यांनी वही मिटली. "नाही. धरले तर बासष्ट."

मग त्यांनी मला विचारलं, "तुमचं अक्षर कसं आहे?" इतका धोकादायक प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारलेला नाही. मी खरं उत्तर दिलं. तासाभरात मोठ्या साहेबांनी तोडगा काढला. मी नोकर नाही, म्हणजे मी कोणाची बदली नाही, म्हणजे कोणी आजारी नाही. मला पत्र मिळालं, "फलक सुशोभित करण्यासाठी मानद नेमणूक". आकड्याचा त्यात उल्लेखच नव्हता. मी म्हटलं, लेखनिकांना धरत असाल तरच खडू हातात घेईन. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी वहीत त्यांची नोंद केली आणि खाली सही केली. साहेबांनी त्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी तो चार पुसला आणि ६२ लिहिलं. सहाचं पोट असं काही साधलं होतं की मी चार पावलं मागे जाऊन बघत उभा राहिलो. घरी येईपर्यंत ग्रुप पेटला होता. "कालपर्यंत चार होते, यांनी खडू धरला आणि बासष्ट!" "नकाशावाल्यांना सगळं मोठं करून काढायची सवय असते." वकीलसाहेबांनी जिन्यात गाठून सांगितलं की घबराट पसरवण्याबद्दल माझ्यावर काय काय होऊ शकतं. आणि दुकानदार थेट दारात.

"काका, पंधरा लिहा."

"अरे, पंधरा नाहीत. बासष्ट आहेत."

"वीस. तुमचं नाही, माझं नाही, वीस."

"ही काय भाजी आहे?"

"पंचवीसच्या वर माणूस घराबाहेर पाऊल टाकत नाही हो!"

"तेच तर पाहिजे!"

तो गेला आणि जाताना माझ्या नावानं काहीतरी पुटपुटला. पण सव्वादहाला आक्का गॅलरीत आली होती. तिनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, आत गेली आणि पत्त्यांचा जोड कपाटात ठेवून दिला. मी छाती फुगवून उभा होतो. "बघ," ती म्हणाली, "मोजतात ना रोज? उगीच नावं ठेवत होतास त्यांना."

बासष्टचे सहासष्ट झाले, सहासष्टचे एकाहत्तर, मग एकोणसत्तर. गंमत म्हणजे आकडा दोननं खाली आला त्या दिवशी दुकानदार मला थांबवून म्हणाला, "म्हणजे काका, उतरतोही. मग चढला होता तोही खराच असणार." हे मला सुचलं नव्हतं, पण मी सुचल्यासारखा चेहरा केला.

चौथ्या दिवशी दुपारी आक्का खोकली.

"हवा बदललीय," मी म्हणालो. ती पुन्हा खोकली. संध्याकाळी अंग तापलं. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "अहो, दोन दिवस बघू या का? वन्संना नेलं तर आपल्याला आत सोडणार नाहीत. एकट्या पडतील. आणि गल्लीला फीत लावतील, सगळ्यांची दारं बंद, सगळे आपल्याला बोलतील."

"बघू या," मी लगेच म्हणालो. सोळा दिवसांचा चार पुसायला सगळं ऑफिस डोक्यावर घेणारा मी, माझ्या घरातला एक लपवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आक्कानं मला लहानपणी कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं, आणि आता तिला कोणीतरी गाडीत घालून नेणार आणि मी दारात उभा राहणार, हे मला नको होतं.

"बाळ्या," आतून आवाज आला. दमा असला तरी आक्काचे कान शाबूत आहेत. "त्या लेखनिकांना धरायला लावलंस ना? मग मला का वगळतोस?"

"आक्का, अगं साधा खोकला..."

"मी फोन केलाय डॉक्टरीणबाईंना. पिशवी भर माझी. पत्ते पण घाल."

सकाळी गाडी आली, आक्का गेली. आमच्या दाराला आणि गल्लीच्या तोंडाला लाल-पांढरी फीत लागली, दुकानाचं शटर खाली आलं. दहा वाजले. फळ्यावर एकोणसत्तर तसाच. मी बाहेर पडू शकत नव्हतो आणि दुसऱ्या कोणाला अधिकार नव्हता. म्हणजे आता हा एकोणसत्तर शिळा होणार. मी गॅलरीत कठडा धरून उभा होतो, तेवढ्यात दुकानदार स्टूल घेऊन फळ्यापाशी आला. आमच्यामुळेच त्याचं दुकान बंद झालं होतं. त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, आता चार शिव्या हासडणार.

"किती?" तो ओरडला.

डॉक्टरीणबाई वरच्या खिडकीत आल्या. "सत्तर."

त्यानं सत्तर लिहिलं. सात मागे पडतोय की काय असा, आणि शून्य एका बाजूला चेपलेलं. "बरोबर आहे का काका?"

"आकडा बरोबर आहे," मी म्हणालो. बाकीचं मी गिळलं.

"हे अनधिकृत आहे!" वकीलसाहेब तळमजल्यावरून ओरडले.

"मी काही बघितलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

मग हेच रोज. दहाला वरून आकडा यायचा, दुकानदार वाकडातिकडा लिहायचा. संध्याकाळी पाचला दवाखान्याचा फोन. एकच वाक्य, "स्थिर आहेत". पहिले चार दिवस आक्काला प्राणवायूची नळी लावलेली होती. बायको जेवणाच्या ताटापाशी नुसती बसून राहायची. सत्तर, चौसष्ट, पंचावन्न, सत्तेचाळीस. आकडा उतरत होता आणि मी तो कसा काढलाय हे बघणंच विसरलो होतो.

बाराव्या दिवशी सकाळी एकतीस होता. दुपारी दीडच्या सुमारास मी गॅलरीत होतो. गल्ली रिकामी. आणि दुकानदार स्टूल घेऊन निघाला. या वेळी? आकडा तर दहालाच बदलतो. तो ऑफिसच्या कोपऱ्यापाशी थांबला, कोणाशी तरी बोलला, मग स्टुलावर चढला, हातानंच एकतीस पुसला आणि तीस लिहिलं.

एकानं कमी.

माणूस बरा होऊन घरी गेला तरी त्या फळ्यावर एकानं कमी, आणि माणूस गेला तरी एकानं कमी. कोणतं ते लिहायला जागाच नव्हती. मी फळ्यासाठी एवढा भांडलो, पण हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला ओरडून विचारायचं होतं, पण मी कठडा धरून नुसता बघत राहिलो. दुकानदार स्टुलावरून उतरला, त्यानं वर पाहिलं नाही. बायको मागून आली, फळ्याकडे बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला.

आणि कोपऱ्यामागून गाडी पुढे आली. मागचं दार उघडलेलं. आत आक्का, निम्मी झालेली, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली.

"काका!" दुकानदार ओरडला. "ऐकतच नाहीत या! गाडी थांबवली आणि म्हणाल्या, आधी मला वजा कर, मग घरी जाईन! उद्या दहाला करतो म्हटलं तर म्हणतात, तोवर मी आजारी का?"

मी तिथेच गॅलरीत खाली बसलो आणि हुंदके देऊन रडलो. सगळी गल्ली खिडक्यांत आली होती. येऊ दे.

"रडतोस काय बाळ्या?" आक्काचा आवाज बारीक झाला होता, पण हुकूम तोच. "कमीच झालाय ना आकडा?"

"आक्का, तू कमी कशी झालीस ते कुठे लिहिलंय तिथे!"

तिनं मान वळवून फळ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग दाराला धरून हळूहळू खाली उतरली, दुकानदाराकडून खडू घेतला आणि फळ्याच्या खालच्या कडेला, तिचा हात पोचत होता तिथे, लिहिलं, "एक घरी आली".

डॉक्टरीणबाई खिडकीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी एकाऐवजी तीन आकडे वाचले. आजारी किती, घरी आले किती, वारले किती. दुकानदारानं तीन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीत चार होता. तो लिहून झाल्यावर त्यानं खडू ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

आक्का सव्वादहाला शाल गुंडाळून गॅलरीत आली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीपाशी थांबली. मग घरात जाऊन पत्त्यांतल्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावायला बसली. मी दारात उभा होतो. पहिलीनं उचलला. दुसरीनं उचलला. तिसरीचा बराच वेळ वाजत राहिला आणि मग तिनंही उचलला.

आक्कानं फोन खाली ठेवला, डोळे पुसले आणि पुन्हा गॅलरीत येऊन त्या तिसऱ्या ओळीकडे बघत राहिली.

"म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे आहेत रे," ती म्हणाली.